एका एकरात अकरा लिटर : शेवाळापासून इंधन मिळवण्याच्या रचनेचा हिशेब

नागपुरात एप्रिल उजाडला की कूलर बाहेर निघतात, आणि ज्या घरात कूलरची टाकी वेळच्या वेळी धुतली जात नाही, तिथे मेअखेरीस टाकीच्या आतल्या बाजूला हिरवा, बुळबुळीत थर धरलेला आढळतो. त्या थराचे बी कोणी पेरलेले नसते आणि त्याला खतही कोणी घातलेले नसते. ऊन, पाणी, हवा आणि धुळीबरोबर आलेले थोडे क्षार एवढ्या शिदोरीवर शेवाळ वाढते. या शेवाळाच्या काही जातींच्या पेशींत तेल साठते, त्या तेलाचे बायोडिझेल करता येते, आणि त्यासाठी सुपीक शेतजमीन लागत नाही, हे सारे खरे आहे. तरीही शेवाळाच्या डिझेलवर चालणारी एकही बस आपल्या रस्त्यावर का दिसत नाही, याचे उत्तर शेवाळाच्या जीवशास्त्रात फारसे सापडत नाही. ते शेवाळाभोवतीच्या पाण्यात सापडते. शेवाळाची शेती म्हणजे प्रत्यक्षात प्रचंड पाणी हलवण्याचा, राखण्याचा आणि गाळण्याचा व्यवसाय आहे, आणि रचना करणाऱ्याने हिशेबाला तिथूनच सुरुवात करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हिशेबासाठी एक एकराचा, म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटरचा उघडा तलाव धरू. अशा तलावांना रेसवे तलाव म्हणतात. धावण्याच्या ट्रॅकसारखा लांबट, मध्ये दुभाजक असलेला हा उथळ हौद असतो, आणि त्यात आडव्या दांड्यावर फिरणारे पात्यांचे चाक पाणी सतत गोल फिरवत ठेवते. चांगल्या चालवलेल्या उघड्या तलावात दर चौरस मीटरला दिवसाकाठी १० ते २५ ग्रॅम कोरडे शेवाळ मिळू शकते. आपण सरासरी १५ ग्रॅम धरू. म्हणजे एकरी दिवसाला सुमारे ६० किलो कोरडे शेवाळ झाले. त्यात २० टक्के तेल आहे असे उदारपणे मानले तर तेल १२ किलो होते, आणि काढताना होणारी घट वजा जाता बायोडिझेल सुमारे ११ लिटर हाती येते. वर्षातील ३०० दिवस तलाव चालला तर हा आकडा ३००० लिटरच्या पुढे जातो. विदर्भातील कोरडवाहू सोयाबीन एकरी ५ क्विंटल झाले तर त्यातून जेमतेम ९० ते १०० किलो तेल निघते. त्या तुलनेत शेवाळ तिसेक पटींनी सरस ठरते, आणि या पिकाविषयीच्या आकर्षणाचे मूळ याच तुलनेत आहे.

परंतु अनेक आराखड्यांत याहूनही मोठे आकडे दिसतात, ते कसे येतात हे समजून घेणे आवश्यक आहे. शेवाळाला नायट्रोजन मिळेनासा झाला की ते नव्या पेशी बनवणे थांबवते आणि उन्हातून मिळालेली ऊर्जा तेलाच्या रूपाने साठवू लागते. अशा उपाशी शेवाळात ४० ते ५० टक्के तेल आढळू शकते. मात्र त्या काळात त्याची वाढ जवळजवळ ठप्प झालेली असते. भरपूर वाढीचा आकडा भरल्या पोटाच्या शेवाळाचा आणि भरपूर तेलाचा आकडा उपाशी शेवाळाचा असतो. या दोहोंचा गुणाकार करणारा आराखडा कागदावर एकरी दहा हजार लिटर सहज दाखवतो, पण तसे शेवाळ अस्तित्वात नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळावर मोठा संशोधन कार्यक्रम चालवला. सुमारे ३००० वाण गोळा केले आणि न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे १००० चौरस मीटरच्या तलावांत ते वाढवूनही पाहिले. एखाद्या दिवशी तिथे चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत उत्पादन मिळाले, पण थंड रात्रींमुळे वर्षाची सरासरी त्याच्या जवळपासही पोहोचली नाही. आपल्याकडे २००३ नंतरच्या काही वर्षांत बायोडिझेलसाठी लावलेल्या मोगली एरंडाचेही (जट्रोफाचेही) असेच झाले होते. सर्वोत्तम झाडाच्या उत्पन्नाला एकरी झाडांच्या संख्येने गुणून स्वप्ने विकली गेली, आणि बांधावरची झाडे मात्र शेळ्यांनीसुद्धा खाल्ली नाहीत.

आता तलावाच्या खोलीकडे वळू. आपल्याकडे शेततळी भरपूर आहेत, त्यांतच शेवाळ का वाढवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. शेततळे तीन मीटर खोल असते. शेवाळाच्या तलावाची खोली मात्र २० ते ३० सेंटीमीटरच ठेवावी लागते. पाणी हिरवे झाले की वरच्या काही सेंटीमीटरमध्येच सगळा प्रकाश शोषला जातो आणि खालच्या पेशी अंधारात राहतात. त्या अंधारात त्या वाढत तर नाहीतच, उलट श्वसनात साठा खर्च करतात. दुसरीकडे, पृष्ठभागावरच्या पेशींची अडचण उलट्या टोकाची असते. दुपारच्या कडक उन्हातील प्रकाश त्यांच्या गरजेच्या अनेक पट असतो, आणि जास्तीचा प्रकाश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. नागपूरच्या जमिनीवर वर्षभरात सरासरी दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ५ युनिट सौरऊर्जा पडते. आपल्या १५ ग्रॅम शेवाळात तिच्यातली पावणेदोन टक्के एवढीच साठते. पात्यांचे चाक पाणी ढवळत राहते ते या विषम वाटपावर उतारा म्हणून, प्रत्येक पेशीला आळीपाळीने उन्हात आणि सावलीत नेण्यासाठी.

पंचवीस सेंटीमीटर खोलीच्या एका एकरात १० लाख लिटर पाणी मावते. ते फिरवणाऱ्या चाकाला २ किलोवॉटची मोटर लागते असे धरले, तर ती दिवसरात्र चालून ४८ युनिट वीज खाते. आपले ११ लिटर बायोडिझेल जनरेटरमध्ये जाळले तर ३० ते ३५ युनिट वीज मिळते. म्हणजे तेल काढण्यापूर्वीच, फक्त पाणी गोल फिरवण्यात, आपण तेलाहून अधिक खर्च करून बसलो. यावर उपाय आहे आणि तो भौतिकशास्त्रातला आहे. पाणी फिरवण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. सूर्य मावळल्यावर चाक निम्म्या वेगाने चालवले, तर दिवसाचे २४ आणि रात्रीचे ३ असे एकूण २७ युनिट लागतात. रात्री थोडे शेवाळ तळाशी बसते, ते सकाळी पुन्हा उचलले जाते. चाक पूर्ण बंद मात्र ठेवू नये, कारण रात्री शेवाळ प्राणवायू घेते, आणि साचलेल्या पाण्यात दुर्गंधी व डास या दोन्हींची सोय होते. डेंग्यूची धास्ती घेतलेल्या वस्तीत शेजाऱ्यांची पहिली तक्रार तीच असेल.

नागपूरचा उन्हाळा शेवाळाला मानवेल का, हा पुढचा प्रश्न, आणि येथे पुन्हा कूलर उपयोगी पडतो. बहुतेक हिरव्या शेवाळाला २० ते ३० अंशांच्या आसपासचे पाणी आवडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवेचा पारा ४५ अंशांवर जातो. तरीही उघड्या तलावाचे पाणी हवेइतके तापत नाही, कारण कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना ते स्वतः थंड होते. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बंद नळ्यांच्या ज्या यंत्रणेला फोटोबायोरिॲक्टर म्हणतात, तिच्यात पाणी वाया जात नाही, बाहेरचे जंतू शिरत नाहीत आणि शेवाळही दाट होते, म्हणून ती पुस्तकात आकर्षक वाटते. परंतु तिच्यात वाफेला वाट नसल्यामुळे विदर्भाच्या उन्हात त्या नळ्या सौर बंबासारख्या तापतात, आणि शेवटी त्यांच्यावर बाहेरून पाणी फवारावे लागते. वाचवलेले पाणी असे दुसऱ्या दाराने निघून जाते. इंधनासारख्या स्वस्त मालासाठी नागपुरात उघडा तलावच परवडू शकतो, असे त्यामुळे वाटते.

या नैसर्गिक थंडाव्याची किंमत मात्र मोजावी लागते. उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडाले, तर एका एकरातून ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचे चार टँकर रोज हवेत जातात. शिवाय पाणी उडते, क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, तोच प्रकार तलावातही होतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई करतानाच थोडे खारे पाणी नियमितपणे बाहेर काढावे लागते. ज्या भागात मे महिन्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे या कामासाठी गोडे पाणी मागण्याचा विचारही करू नये.

पावसाळ्यात चिंता बदलते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. असा पाऊस २५ सेंटीमीटरच्या तलावात १० सेंटीमीटरची भर घालतो. काठ तेवढे उंच नसतील आणि सांडवा नसेल, तर महिनाभराची मेहनत नाल्यातून वाहून जाते. आपली काळी जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते, त्यामुळे शेततळ्यासारखे प्लास्टिकचे अस्तर अटळ आहे. त्याखाली मुरमाची दाबलेली भर हवी, नाहीतर तळ दोन-तीन सेंटीमीटर खालीवर होतो आणि एवढ्या उथळ तलावात तेवढ्यानेही प्रवाह बिघडतो.

आता शेवाळाच्या अन्नाविषयी. कोरड्या शेवाळाचे निम्मे वजन कार्बनचे असते, त्यामुळे एक किलो शेवाळासाठी सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. आपल्या एकराला दिवसाला एक क्विंटलहून थोडा अधिक. हवेतील त्याचे प्रमाण अवघे ०.०४ टक्के असल्याने एवढा वायू तलावात आपोआप विरघळत नाही, बाहेरून द्यावा लागतो. पंचवीस सेंटीमीटर पाण्यातून बुडबुडा विरघळण्याआधीच वर निसटतो, म्हणून तलावात एके ठिकाणी एक-दीड मीटर खोल खड्डा करून वायू तिथे सोडतात. हा वायू पाण्याची आम्लताही राखतो. भर दुपारी शेवाळ कार्बन ओढून घेते तेव्हा पाण्याची आम्लता घटते, म्हणजे पीएच ९-१० पर्यंत चढतो, आणि वाढ अडखळते. म्हणून वायूची झडप पीएच मोजणाऱ्या यंत्राला जोडलेली असावी. पीएच ८ च्या वर गेला की ती उघडेल आणि खाली आला की बंद होईल.

इथे नागपूरकराच्या मनात कोराडी येणारच. वीजकेंद्राच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड फुकट मिळतो, तो शेवाळाला पाजावा, ही कल्पना फार सुंदर आहे. मात्र तिचा आकार मोजून पाहावा. ६६० मेगावॉटचा एक कोळसा संच पूर्ण क्षमतेने चालताना तासाला सुमारे ६०० टन, म्हणजे दिवसाला १४ हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो सगळा आपल्या हिशेबाने पचवायचा तर सव्वा लाखाहून अधिक एकर तलाव लागतील, आणि ते क्षेत्र नागपूर शहराच्या दुपटीहून मोठे होईल. रात्री तर शेवाळ काहीच घेत नाही, आणि संच रात्रीही चालू असतो. धुराड्याशेजारच्या काही एकर तलावाला तो वायू जरूर वापरावा; त्यामुळे वीजकेंद्र स्वच्छ होईल असे मात्र म्हणू नये.

नायट्रोजनचा हिशेब शेतकऱ्यांना लगेच कळेल. शेवाळात सुमारे ७ टक्के नायट्रोजन धरला तर ६० किलोंसाठी ४.२ किलो लागतो, म्हणजे रोज ९ किलो युरिया. ४५ किलोंची गोणी पाच दिवसांत संपते; वर्षाला एकरी साठ गोण्या होतात. युरिया बनवायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. युरिया घालून इंधन पिकवणे म्हणजे एका इंधनाचे दुसरे इंधन करणे होय, आणि तेही तोट्यात.

म्हणूनच शहाणी रचना सांडपाण्याकडे वळते. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो आणि फॉस्फरसही असतो. ४.२ किलो नायट्रोजनसाठी रोज सुमारे एक लाख लिटर सांडपाणी लागेल. माणशी १०० लिटर धरल्यास ते एक हजार माणसांचे, म्हणजे अडीचशे घरांच्या एका लेआउटचे सांडपाणी झाले. उन्हाळ्यात उडून जाणाऱ्या पाण्याची बरीचशी भरपाईही त्यातूनच होते. शिवाय येथे एक जुने सहकार्य कामी येते. सांडपाण्यातील जिवाणू घाण कुजवतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळ तो घेते आणि जिवाणूंना प्राणवायू देते. एरवी सांडपाणी केंद्रात हा प्राणवायू विजेच्या पंख्यांनी आणि कॉम्प्रेसरने घालावा लागतो, आणि त्या केंद्रांच्या वीजबिलाचा मोठा भाग तोच असतो. कॅलिफोर्नियातील ओसवाल्ड आणि गोलुके या संशोधकांनी सांडपाण्यावर शेवाळ वाढवून त्यापासून इंधन मिळवण्याची मांडणी १९६० सालीच केली होती. त्यांनी सुचवलेले इंधन तेल नव्हते, बायोगॅस होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते; अशा पाण्यावर आधीच दुसऱ्याचा हक्क असतो, त्यामुळे शेवाळाच्या तलावासाठी ज्याला अजून कोणी वाली नाही असे लहान वस्तीचे सांडपाणी शोधणे बरे.

काढणी हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. घट्ट हिरव्या दिसणाऱ्या पाण्यातसुद्धा लिटरमागे अर्धा ग्रॅमच शेवाळ असते. रोजचे ६० किलो मिळवण्यासाठी १ लाख २० हजार लिटर, म्हणजे बारा टँकर पाणी रोज गाळावे लागते. पेशी काही मायक्रॉनच्या असतात, त्या कापडातून निसटतात आणि बारीक चाळणी तुंबवतात. पाणी वेगाने गरगर फिरवणारे सेंट्रिफ्यूज यंत्र त्या वेगळ्या करू शकते, पण हजार लिटरला निदान एक युनिट वीज घेते. संपूर्ण प्रवाह त्यातून काढला तर १२० युनिट लागतील. म्हणून आधी शेवाळ खाली बसवतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची आपली जुनी रीत येथे उत्तम चालते, पण तुरटीतील ॲल्युमिनियम गाळात जाऊन पुढच्या प्रक्रियेला त्रास देते. त्यापेक्षा गुच्छ करून राहणाऱ्या जातींचे बसलेले शेवाळ पुन्हा पुन्हा तलावात सोडावे. काही आठवड्यांत तलावात बसणाऱ्या जातींचेच बळ वाढते. असे बसवून गाळ २ टक्क्यांवर आणला की बारा टँकरचे तीन हजार लिटर उरतात, आणि सेंट्रिफ्यूजचा खर्च चाळिसाव्या हिश्श्यावर येतो.

तरीही त्या गाळात पाणी उरतेच. सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या लगद्यात २० टक्के शेवाळ आणि ८० टक्के पाणी असते. ६० किलोंमागे २४० लिटर. ते उष्णतेने वाळवायला ६०० मेगाज्यूलहून अधिक ऊर्जा लागते, तर ११ लिटर बायोडिझेलची एकूण ऊर्जा ३६० मेगाज्यूलच्या आसपास आहे. कुरडया-पापड वाळवणाऱ्या नागपूरकराला उन्हाचा पर्याय सुचेल, आणि मार्च ते मे तो खरोखर चालेल. जुलैत काय करायचे, हा प्रश्न राहतो. लगदा न वाळवता ३०० ते ३५० अंशांवर आणि प्रचंड दाबाखाली शिजवून कच्चे तेल काढण्याची पद्धतही आहे, पण ती मोठ्या कारखान्याची गोष्ट आहे, लेआउटच्या कोपऱ्यातली नव्हे.

बायोगॅसचा मार्ग या ठिकाणी पुढे येतो, कारण जिवाणूंना ओला गाळच हवा असतो. तेच ६० किलो शेवाळ पाचकात, म्हणजे बायोगॅसच्या हवाबंद टाकीत, गेले तर सुमारे १२ घनमीटर मिथेन मिळू शकतो; घरगुती गॅस सिलिंडरच्या दोन-तृतीयांशाइतकी ही ऊर्जा आहे आणि ती बायोडिझेलपेक्षा कमी नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस गाळात शिल्लक राहतात व शेतात परत जातात. नुसत्या शेवाळात नायट्रोजन प्रमाणाबाहेर असल्याने त्यात काडीकचरा, शेण किंवा खरकटे मिसळावे. संत्र्याच्या साली मात्र त्यात टाकू नयेत. सालीतील लिमोनीन हे सुगंधी तेल मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते. संत्रानगरीत हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

मोठ्या कंपन्यांचे अनुभवही सूचक आहेत. एक्सॉनमोबिलने २००९ साली शेवाळाच्या तेलासाठी मोठ्या गुंतवणुकीची घोषणा केली आणि २०२३ मध्ये तो प्रयत्न थांबवला. दरम्यान स्पिरुलिनाच्या गोळ्या आणि शेवाळापासून मिळणारी रंगद्रव्ये विकणारे उद्योग टिकून राहिले, कारण त्यांचा माल किलोला शेकडो-हजारो रुपयांना जातो. आपल्या ११ लिटरला डिझेलच्या भावाने दिवसाला हजारेक रुपये येतील. रिंगरोडलगतच्या एका एकराची किंमत ज्याला ठाऊक आहे, त्याला आणखी काही सांगायला नको.

उघड्या तलावातील आणखी एक संकट म्हणजे शेवाळ खाणारे जीव. रोटिफर आणि डॅफ्नियासारखे सूक्ष्म प्राणी शिरले की दोन-तीन दिवसांत हिरवे पाणी नितळ होते. प्रयोगशाळेतून आणलेले नाजूक वाण अशा ठिकाणी टिकत नाही. स्थानिक पाण्यातले क्लोरेला किंवा सेनेडेस्मससारखे रानटी शेवाळ अखेरीस त्याची जागा घेते. एका मोठ्या तलावाऐवजी तीन-चार वेगळे तलाव करावेत, म्हणजे एक बुडाला तरी दुसऱ्यातून बियाणे मिळते. साधा सूक्ष्मदर्शक आणि तो रोज सकाळी पाहणारा एक माणूस, हे या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक उपकरण आहे.

क्षेत्रफळ ठरवण्याची वेळ येते तेव्हा बहुतेक जण मार्च-एप्रिलचे आकडे घेतात, आणि तेथेच चूक होते. आपल्या हिशेबात पाणी तलावात साधारण आठ दिवस थांबते. ऑगस्टमध्ये आभाळ सलग झाकलेले असते, वाढ निम्म्यावर येते आणि तेच काम व्हायला सोळा दिवस लागतात. सांडपाणी मात्र रोज तेवढेच येते, उलट गटारात शिरलेल्या पावसाच्या पाण्याने वाढते. म्हणून एक तर तलाव दुप्पट करावे लागतील, नाहीतर पावसाळ्यापुरती नेहमीची प्रक्रिया यंत्रणा शेजारी उभी ठेवावी लागेल. यांपैकी काय परवडेल हे ठरवण्यासाठी गच्चीवर २५ सेंटीमीटर खोलीचे तीन टब ठेवून, ते दिवसातून काही वेळा ढवळून, वर्षभर दर आठवड्याला शेवाळ वाळवून तोलावे. आराखड्यात लिहायचा आकडा ऑगस्टच्या वहीतून घ्यावा.